औटींच्या बोअरची जागा

माझ्या उजव्या गालाची दाढी झाली होती आणि डाव्या गालावर नुसता फेस होता, तेव्हा खुर्चीच्या पायांतून मला हॅमरचा हादरा कळला. बोअरची गाडी चालू झाली की आवाज दोन येतात. एक कॉम्प्रेसरचा, तो अख्ख्या गावाला ऐकू जातो. दुसरा जमिनीत बसणाऱ्या हॅमरचा. तो कानाला नाही, बसल्या जागी बुडाला कळतो. उन्हाळ्यात आमच्या गावाभोवती रोज एखादी तरी गाडी चालू असायची, म्हणून मी डोळे मिटूनच नाथा सलूनवाल्याला विचारलं, आज कुणाचा नंबर लागला.

"औटी कंडक्टरचा," नाथा म्हणाला. "खडकमाळ कॉलनीत. आधीचं काम लवकर उरकलं म्हनून गाडी आजच आली, म्हने."

औटींची गाडी गुरुवारी यायची होती आणि त्या दिवशी मंगळवार होता. मी उठलो तो गळ्यातल्या फडक्यासकट. नाथाला वाटलं वस्तरा लागला. कुठं लागलं, कुठं लागलं म्हणत तो दारापर्यंत आला. तोवर मी रस्त्यावर पळत सुटलो होतो. चाळिशीचा, पोट सुटलेला, अर्ध्या तोंडाला फेस फासलेला माणूस भर सकाळी पळताना पाहून दुकानांतली माणसं हसली. हसणाऱ्यांत माझा सख्खा मेव्हणाही होता, हे मला नंतर कळलं.

मी पाणाड्या. म्हणजे तेव्हा होतो. याला आता बावीस वर्षं झाली. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालायचं, आणि तो जिथे उभा राहील तिथे पाणी सांगायचं, हा आमच्या तात्यांपासूनचा धंदा. नारळ उभा राहतो हे खरं. पण त्याच्या आधी डोळे बरंच काही बघून आलेले असतात: शेजारच्या विहिरीला कुठल्या अंगाने पाझर आहे, उंबर कुठल्या रांगेत उगवलेत, मुरूम कुठे संपतो. आमच्या भागात वर वीसेक फूट माती-मुरूम, त्याखाली काळा कातळ, आणि चाळीस फुटांच्या आत-बाहेर हातभर जाडीचा तांबड्या मातीचा पट्टा. कातळ स्वतः ठार कोरडा. पाणी असतं ते त्याच्या भेगेत, तिला आम्ही जोड म्हणतो, आणि हा जोड तांबड्या पट्ट्याला भेटतो तिथे ते साठतं. ज्याला जोड सापडला त्याला पाणी सापडलं, बाकीचे धूळ उडवून गाडी परत पाठवतात.

औटींच्या प्लॉटवर मी सरळ सोपा रस्ता धरला होता. कॉलनीची सामायिक विहीर त्यांच्या भिंतीपासून नव्वद फुटांवर. त्या विहिरीच्या पूर्वेच्या अंगात जोड उघडा दिसायचा. मी काठावर उभं राहून त्याची दिशा नजरेने धरली, तशीच नजर धरून औटींच्या प्लॉटमध्ये चालत गेलो, आणि त्यांच्या नियोजित स्वयंपाकघराच्या मागे नारळ उभा राहिला. औटी खूश. फक्त एवढंच म्हणाले की विहिरीजवळ कुणी बोअर घ्यायचं नाही असं कॉलनीत ठरलंय, तेव्हा जरा गुपचूप. मला ते सांगायची गरज नव्हती. तात्यांचा नियमच होता की दाखवलेली जागा पाणी लागेपर्यंत कुणाजवळ बोलायची नाही. बोललं की हात उतरतो, नारळ पुन्हा उभा राहत नाही. माझ्या तोंडाला एरवी कुलूप नाही, हे बायको आल्यागेल्याला सांगते, पण या एका बाबतीत मी अठरा वर्षं जीभ आवरली होती. पोट त्याच्यावर होतं, आणि खरं सांगायचं तर ऐटही.

आणि आज त्या विहिरीत माझा भाऊ बसलेला होता.

लहानू माझ्याहून बारा वर्षांनी धाकटा. तो आडवे बोअर मारायचा. विहिरीचं पाणी आटलं की माणसं तळाशी उतरतात, कडेच्या कातळाला लहान मशीन लावतात आणि बाजूला, आडवं, शंभरेक फुटांपर्यंत भोक पाडत जातात. कुठेतरी झरा फुटतो आणि विहिरीला पुन्हा पाणी सुटतं. मशीनच्या मागे एक माणूस मांडी घालून बसतो, छाती भोकाच्या तोंडासमोर. तो माणूस लहानू. मी आयुष्यात विहिरीत उतरलो नव्हतो. काठावरून वाकून पाहायचं तरी मी आधी कुणाचा तरी हात धरायचो. पाणी मी दाखवायचं आणि खाली त्याने जायचं, अशी आमच्या घरात वाटणी होती, आणि त्याने त्यावरून मला कधी चिडवायचं सोडलं नाही.

आदल्या संध्याकाळी जेवताना तो म्हणाला होता की पश्चिमेची दोन भोकं कोरडी गेली, उद्या उगवतीच्या जोडावरच धरतो, शंभर फूट नेतो. माझा घास हातात राहिला. उगवतीला शंभर फूट म्हणजे नेमका औटींच्या जागेखालून. शब्द ओठांवर आला होता. मग मी मनातल्या मनात दिवस मोजले. लहानू बुधवारी संध्याकाळी विहिरीतून मोकळा होणार, औटींची गाडी गुरुवारी येणार. उगाच नियम कशाला मोडायचा, असं म्हणून मी आमटी वाढून घेतली.

बोअरच्या गाडीची हवा तीनशे फुटांवरून दगडाचा भुगा वर फेकते. ही हवा जोडात शिरली तर ती जोड उघडेल तिथून बाहेर पडणार. बोअर एकीकडे चालू आणि दुसरीकडे शेजारच्या विहिरीचं पाणी उकळल्यासारखं उसळतंय, हे मी दोनदा पाहिलं होतं. एकदा तर मासे काठावर येऊन पडले होते. तिथे नुसतं पाणी होतं. इथे लहानूने त्याच जोडात भोक धरलेलं असणार, आणि त्याच्या तोंडाशी तो बसलेला असणार.

पळताना मी फूट मोजत होतो. मुरूम वीस फूट. मग थांबून, मुरूम ढासळू नये म्हणून, लोखंडी केसिंग पाइप सोडतील. मग कातळ. तांबडा पट्टा अडतीसवर. विहिरीत मी तो दोरी टाकून मोजला होता. मुरुमाला किती वेळ, कातळाला किती, माझ्या पायांना किती, असा हिशेब चालला होता आणि कुठलाही आकडा जुळत नव्हता. दूध डेअरीपाशी आलो तेव्हा हॅमर बंद झाला. मला रडू आलं. वाटलं, कुणीतरी थांबवलं. मग लक्षात आलं की केसिंग सोडत असतील. तरी मी थोडा चाललो, कारण छातीत आग पडली होती. ते चालणं मला अजून सतावतं. कॉलनीच्या कमानीशी पोचलो आणि जमीन पुन्हा हादरायला लागली.

कमानीतून डावीकडे विहीर, उजवीकडे औटींचा प्लॉट. मध्ये दोन अर्धवट बंगले, त्यामुळे एकीकडचं दुसरीकडे दिसत नाही. विहिरीवर लहानूचा साथीदार अंबादास होता, यारीवाला होता. यारी म्हणजे विहिरीच्या काठावरचं इंजिन, त्याच्या तारेला बकेट लटकते आणि माणसं त्यात बसून खाली-वर करतात. मी डावीकडे गेलो असतो आणि लहानूला वर घ्या म्हणालो असतो, तर पाच मिनिटांत तो वर आला असता.

मी उजवीकडे गेलो. विहिरीवर गेलो असतो तर का वर घ्या ते सांगावं लागलं असतं, चार माणसांसमोर. गाडीवर जाऊन नुसतं बंद करा म्हटलं की भागलं असतं, असं मला वाटलं. भीतीने माझं डोकं चालत नव्हतं, पण एवढ्यापुरतं ते बरोबर चाललं.

गाडीभोवती पांढऱ्या धुळीचा ढग होता. औटी हळदीकुंकू वाहिलेल्या दगडाजवळ हात जोडून उभे होते. मला पाहून त्यांनी हसून मान हलवली आणि माझ्या गालाकडे बघत राहिले. गाडी चालवणारा पळनी नावाचा तमिळ माणूस होता. वर्षानुवर्षं आमच्याच भागात असल्याने तो मोडकं मराठी बोलायचा. मी त्याचा दंड धरून कानात ओरडलो की बंद कर. त्याने धुळीकडे बोट दाखवलं. पांढऱ्या धुळीत तांबडा रंग मिसळायला लागला होता.

"लाल माती आली," तो ओरडला. "आता बंद केला तर माती बसते, हॅमर अडकतो. दोन फूट जाऊ दे. मग बंद."

त्याचं चुकत नव्हतं. तांबड्या पट्ट्यात हवा थांबवली की भोक ढासळतं आणि सगळं हत्यार खालीच राहतं. गाडीवाल्याची वर्षाची कमाई जाते. मी पुन्हा ओरडलो, विहिरीत माणूस आहे. त्याला विहीर हा शब्द कळला, माणूस कळला, पण दोन्हींचा संबंध कळेना. मी त्याला तो समजावत होतो आणि तेवढ्यात धूळ यायची थांबली.

कॉम्प्रेसर गरजत होता, हॅमर फिरत होता, आणि भोकातून काहीच बाहेर येत नव्हतं. औटींनी डोळे मिटले आणि कपाळाला हात लावला. त्यांना वाटलं, मोठी पोकळी लागली, म्हणजे अमाप पाणी. मी मात्र त्या कोरड्या भोकाकडे बघत उभा राहिलो. इतकी हवा खाली जात होती आणि वर येत नव्हती. ती कुठे जात होती हे तिथे फक्त मला माहीत होतं. पळनीने माझ्याकडे पाहिलं. काय पाहिलं कोण जाणे, पण त्याने एकही शब्द न विचारता दांडा खाली ओढला आणि हवा बंद केली. त्याचा हॅमर कायमचा तिथेच राहिला.

एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत विहिरीकडून माणसांचा कालवा ऐकू आला.

विहिरीच्या तोंडातून तांबडं धुकं वर येत होतं. अंबादास काठावर आडवा पडून हाका मारत होता. तो पाणी प्यायला म्हणून दहा मिनिटांपूर्वी वर आला होता, तेवढ्याने वाचला. तो सांगत होता की आधी भोकातून भसाभसा हवा आली, मग आतला लोखंडी रॉड सुटून समोरच्या भिंतीवर आदळला, मग तांबडा पट्टा सुटला आणि त्याच्यावरची कपार खाली बसली. लहानू उत्तर देत नव्हता. खालून फक्त पाण्याचा आवाज येत होता. ज्या पाण्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता ते फुटलं होतं आणि विहीर भरायला लागली होती.

यारीवाला म्हणाला, धुरळा बसू द्या, दरड अजून सुटंल. मी बकेटमध्ये पाय टाकला. अंबादासही चढला. बकेट काठावरून सुटली तेव्हा मी तारेला मिठी मारली. मला लाज वाटली नाही. मी मोठ्याने देवाचं नाव घेत होतो आणि मध्येच लहानूचं. वरचा उजेड तांबडा होत होत गेला, नाकातोंडात गाळ शिरला, आणि एका ठिकाणी बकेट दगडाला घासली तेव्हा मी लहान पोरासारखा ओरडलो.

पाणी मांडीपर्यंत आलं होतं आणि गार होतं. लहानू मशीनच्या आडोशाला भिंतीला टेकून बसलेला सापडला, पाणी त्याच्या छातीशी. कानातून रक्त येत होतं. डावा पाय गुडघ्यापर्यंत दगडाखाली गेला होता. मी त्याच्या गालावर थापट्या मारल्या. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि त्याला काय दिसलं असेल तर ते हे की मी विहिरीत आहे.

"दादा," तो म्हणाला. "तू हितं कसा?"

अंबादासने सुटलेला रॉड शोधून दगडाखाली घातला. पहिल्यांदा दगड हलला आणि पुन्हा बसला, आणि लहानूने माझ्या खांद्याला दात लावले. पाणी त्याच्या गळ्याशी आलं. मी त्याची हनुवटी वर धरून ठेवली होती आणि माझे दात वाजत होते. मनात एकच चाललं होतं, की हा गेला तर मी वर जायचंच नाही. असं कुणी करत नाही हे मला ठाऊक आहे, पण तेव्हा मी तसं ठरवून टाकलं होतं. दुसऱ्यांदा अंबादासने रॉडवर सगळं अंग टाकलं. मी ओढलं. पाय मोकळा झाला.

वर काढलं तेव्हा सगळी कॉलनी जमली होती. कुणीतरी टेम्पो आणला, मागे गादी टाकली. मी लहानूचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. तो पाय पुढे वाचला, पण दोन इंच आखूड राहिला, आणि डाव्या कानाने त्याला आजही ऐकू येत नाही. पुन्हा तो विहिरीत उतरला नाही. मीही पुन्हा नारळ हातावर धरला नाही. कुणी विचारलंच तर हात उतरला म्हणून सांगतो. औटी टेम्पोच्या फळीला धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे. कॉलनीत त्यांनी सांगितलं की जागा त्यांनी स्वतःच्या मनाने धरली होती, आणि मरेपर्यंत ते तेच सांगत राहिले. मला वाचवायला नव्हे, कॉलनीने आणखी चौकशी करू नये म्हणून. पण वाचलो मी.

टेम्पो खड्ड्यातून गेला आणि लहानू कण्हला. अंबादास पायाशी बसला होता. त्याने धरून ठेवलेलं रडू तेव्हा फुटलं आणि तो लहानूवरच डाफरायला लागला. म्हणाला, की बराच वेळ भिंतीतून हादरे येत होते, मी दोनदा म्हणालो वर जाऊ, कुणाची तरी गाडी जवळ लागली आहे. तर हा ऐकेना. मी पाणी प्यायला वर निघालो तेव्हाही चल म्हणालो, तर हा हसला आणि तिथेच बसून राहिला.

लहानूने डोळे उघडले. त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नसावा, कारण तो फार मोठ्याने बोलत होता. पुढे बसलेल्या ड्रायव्हरनेही मान वळवली.

"मला काय ठावं न्हवतं व्हय," तो म्हणाला. "हादरं लागत व्हतं. पर म्या म्हनलं, आपल्या जोडावर कुनी भोक पाडत आसतं, तर ती जागा दादानंच दिली आसती. आन दादानं दिली आसती, तर काल जेवताना दादा मला बोलला आसता. म्हनून बसलो निवांत."

अंबादासने माझ्याकडे पाहिलं. त्याला काही कळलं होतं असं नाही. तो नुसता मी काय म्हणतो ते बघत होता. लहानूचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तो खालून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी त्याच्या कपाळावरचा तांबडा गाळ पुसायला लागलो. पुसायचं काही शिल्लक राहिलं नाही तरी पुसत राहिलो.

"बोलू नकोस," मी त्याला म्हणालो. "दम लागंल."

त्याने मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. तो माझं नेहमीच ऐकायचा.